जोमु नव्हे, जुम्!

आमच्या सासूबाईंचे माहेर हुक्केरी तालुक्यातले. लग्न होऊन बेळगावात आल्या त्याला पन्नासावर वर्षे झाली. बाजारहाट, शेजारपाजार, भजनी मंडळ सगळे मराठीत चालते. पण कुठे दुखले-खुपले की तोंडून कन्नडच येते. दुखणे माहेरच्या भाषेत सांगितल्याशिवाय सांगितल्यासारखे त्यांना वाटत नाही. आपल्या भागातल्या पुष्कळ घरांत असेच असेल.

गेल्या पावसाळ्यात एके सकाळी त्या न्हाणीघरातून बाहेर आल्या आणि उजवा हात चोळत म्हणाल्या, "कै जुम् अंतद नोड." मी डब्यांच्या गडबडीत होते. त्यांना बारा वर्षांपासून साखरेचा त्रास आहे आणि साखर असलेल्यांच्या हातापायांना मुंग्या येतात हे मला ऐकून माहीत. मनातल्या मनात मी भाषांतर करून टाकले : हाताला मुंग्या येतात. तीच तक्रार पुन्हा दोन-तीनदा आली तेव्हा त्यांना डॉक्टरांकडे नेले आणि त्या तोंड उघडायच्या आत मीच मराठीत सगळे सांगून मोकळी झाले. डॉक्टरांनी साखर तपासली, व्हिटॅमिनच्या गोळ्या लिहून दिल्या.

तीन आठवडे गोळ्या चालल्या. जुम् काही थांबले नाही.

त्याआधी काय घडले होते

या तक्रारीच्या चार-आठ दिवस आधी आमच्या घरात आणखी एक गोष्ट घडली होती. गिझर लावला की पाचेक मिनिटांनी बोर्डावरचे मोठे बटण पडायचे आणि घरभर अंधार व्हायचा. बटण वर केले की पुन्हा पाच मिनिटे बरी जायची, पुन्हा पडायचे. धो धो पाऊस, सकाळची वेळ, मुलांचे कॉलेज आणि अंगावर अर्धवट साबण! तीन दिवसांत सगळे वैतागले. वायरमनला बोलावले.

त्याने प्लग काढून बघितला, तो काळा पडला होता म्हणून नवा बसवला. मग बोर्डाकडे बघत म्हणाला, "मॅडम, पावसात हे बटण नाजूक होतंय बघा. गिझरची लाईन डायरेक्ट देतो, मग पडायचं नाव न्हाई." अर्ध्या तासात काम झाले. खरोखरच बटण पडायचे थांबले. आम्ही खूश. त्याला चहा पाजला, पैसे दिले आणि विषय विसरलो.

मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकवते. डोंगरावर धूर दिसला म्हणजे तिथे अग्नी असला पाहिजे, हे आपल्या न्यायशास्त्रातले उदाहरण दरवर्षी फळ्यावर मांडते. आणि घरी मात्र मी पैसे देऊन धूर बंद करून घेतला आणि आग विझली असे समजले.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी मला हातानेच थांबवले आणि सासूबाईंना कन्नडमध्ये स्वतः विचारायला सुरुवात केली. पायांना होते का? नाही. रात्री जास्त होते का? नाही. दोन्ही हातांना? नाही, उजव्याच. मग जोमु येतो का? आता सासूबाई जरा चिडल्याच. "जोमु अल्ल डॉक्टर, जुम्! नळ मुट्टिद्र जुम् अंतद!"

जोमु आणि जुम् यांतला फरक कन्नड येणाऱ्याला समजावून सांगायला नको. मांडी घालून बसल्यावर पाय बधिर होतो, मुंग्या येतात, तो जोमु. अंगातून एकदम सळसळून जाते ते जुम्. नळाला हात लावला की जुम् होते, असे त्या तीन आठवडे सांगत होत्या.

साखरेमुळे येणाऱ्या मुंग्या सहसा पायांपासून सुरू होतात, दोन्हीकडे सारख्या असतात आणि रात्री जास्त छळतात, हे डॉक्टरांनी मला नंतर सांगितले. त्या वेळी एवढेच म्हणाले, "घरी जाऊन आधी गिझर बंद करा. मेनमधूनच. माझ्या गोळ्यांचे नंतर बघू."

दोन राखणदार, दोन्ही गैरहजर

दुसऱ्या दिवशी ओळखीचे एक जुने, वयस्क वायरमन आले. त्यांनी गिझर खोलून पाणी तापवणारी कॉईल बाहेर काढली. तिच्यावर चुन्यासारखा पांढरा थर बोटभर जाड बसला होता. शहरात राकसकोप आणि हिडकल जलाशयांचे पाणी येते, पण आमच्याकडे नळ नसेल त्या दिवशी बोअरचे जड पाणी टाकीत चढते. जड पाण्यातले क्षार तापल्यावर कॉईलवर बसतात. थरामुळे कॉईलची उष्णता पाण्यात लवकर उतरत नाही. कॉईल आतल्या आत जास्त तापते आणि एक दिवस तिचे धातूचे आवरण फुटते. आमच्या कॉईलला असेच बारीक छिद्र पडले होते. तिथून करंट पाण्यात आणि गिझरच्या पत्र्यात उतरत होता.

आता बोर्डावरचे ते बटण काय करत होते ते पाहा. त्याला आरसीसीबी म्हणतात. दुकानात पुष्कळजण ईएलसीबी म्हणूनच मागतात. घरात जाणारा करंट आणि परत येणारा करंट सारखा आहे की नाही, एवढेच ते पाहत असते. मध्येच कुठे गळती झाली तर दोहोंत फरक पडतो. घरगुती आरसीसीबी साधारण ३० मिलिअँपिअरच्या फरकाला, डोळ्याचे पाते लवते न लवते तोच पडते. दोन किलोवॅटचा गिझर पावणेनऊ अँपिअरच्या आसपास करंट घेतो. ३० मिलिअँपिअर म्हणजे त्याचा जेमतेम तीनशेवा भाग. इतकी बारीक गळती ते ओळखत होते. पाच मिनिटांनी पडायचे, कारण कॉईल तापून आवरण फुगले की छिद्र उघडायचे. बटण नाजूक झाले नव्हते, चोख काम करत होते. आम्ही गिझरची लाईन त्याच्या पहाऱ्यातून काढून घेतली.

दुसरा राखणदार म्हणजे अर्थिंगची हिरवी वायर. गिझरच्या पत्र्यात करंट उतरलाच तर तो माणसाच्या अंगातून न जाता या वायरने जमिनीत जावा, अशी सोय असते. पहिल्या वायरमनने नवा प्लग बसवताना हिरवी वायर जोडलीच नव्हती. प्लगच्या आत ती दुमडून ठेवलेली निघाली. तिच्यावाचूनही पाणी तापतेच, त्यामुळे कोणाच्या लक्षात येण्याचे कारण नव्हते.

मग आम्हा बाकीच्यांना जुम् का झाले नाही? मुले वरच्या मजल्यावर आंघोळ करतात. मी आणि आमचे हे गिझर बंद करून मगच आंघोळीला जातो आणि पायात रबरी स्लिपर असतात. सासूबाईंना थंडी फार वाजते. पाणी गार होऊ नये म्हणून त्या बटण चालूच ठेवतात आणि ओल्या फरशीवर अनवाणी बसून पितळी नळाला हात लावतात. आमच्या जुन्या घरात लोखंडी पाईप भिंतीतून जमिनीत गेलेले आहेत. बराच करंट त्यांतून जिरत होता, म्हणून जुम् वर निभावले. ते वयस्क वायरमन टेस्टरचा दिवा नळाला लावून दाखवत म्हणाले, "अज्जींचं दैव बलवत्तर बघा." मला तिथेच खाली बसावे लागले.

हंड्याच्या काळी

सासूबाईंच्या माहेरी बच्चलात चुलीवर मोठा तांब्याचा हंडा पक्का बसवलेला असे. आमच्या माहेरी बंब होता. दोन्हींत काय चालले आहे ते डोळ्यांना दिसे. जाळ दिसे, धूर दिसे, पाणी सणसणले की आवाज येई. आता सगळे पांढऱ्या डब्याच्या आत गेले. आत काय चालले आहे ते आपल्याला सांगण्यासाठी डब्याला काही खुणा दिल्या आहेत. त्या वाचता येणे म्हणजे इलेक्ट्रिशियन होणे नव्हे. ताप मोजता आला म्हणून कोणी डॉक्टर होत नाही, तसेच हे.

त्या वायरमनकडून आणि नंतर थोडे वाचून मी जे शिकले, ते घरातल्या माणसाला उपयोगी पडेल अशा क्रमाने सांगते. झाकण उघडण्याचे काम यात कुठेही नाही. ते जाणकारानेच, मेन बंद करून करायचे आहे.

खूण पाहून बिघाड ओळखावा

कोणते बटण पडले? आरसीसीबीवर 'टी' लिहिलेले छोटे चाचणी बटण असते, एमसीबीवर ते नसते. आरसीसीबी पडले तर गळतीचा संशय घ्यावा. एमसीबी पडले तर करंट फार जास्त गेला, म्हणजे शॉर्ट झाले किंवा एका लाईनवर फार भार आला. गिझर लावताक्षणी पडते की काही मिनिटांनी, हेही लिहून ठेवा. लावताक्षणी पडत असेल तर वायर, प्लग किंवा पुरती फुटलेली कॉईल, आणि तापल्यावर पडत असेल तर आमच्यासारखे बारीक छिद्र, असा अंदाज बांधता येतो.

दिवा लागतो का? बऱ्याच गिझरना दोन दिवे असतात. एक करंट आल्याचा, दुसरा पाणी तापत असल्याचा. पहिलाच लागत नसेल तर बिघाड बहुधा गिझरच्या बाहेर, प्लग किंवा बोर्डात. पहिला लागतो, पाणी गार आहे आणि तरी दुसरा लागत नाही, तर थर्मोस्टॅट किंवा कटआऊट. दोन्ही लागतात आणि पाणी गारच राहते, तर कॉईल जळालेली असण्याची शक्यता जास्त.

पाणी उकळते का? थर्मोस्टॅट ठरलेल्या उष्णतेला करंट तोडतो आणि पाणी निवले की जोडतो. तो चिकटून बसला तर पाणी तापतच राहते. त्याच्या पाठीशी कटआऊट असतो. उष्णता हद्दीबाहेर गेली की तो करंट तोडतो आणि पुष्कळ मॉडेलमध्ये हाताने दाबल्याशिवाय पुन्हा जोडत नाही. कटआऊट एकदा पडला तर थर्मोस्टॅट तपासून घ्यावा. रोज दाबून वेळ मारून नेऊ नये, आणि तो 'डायरेक्ट' तर मुळीच करू देऊ नये. करंट तुटला नाही तर बंद टाकीत वाफ कोंडते आणि टाकी फुटू शकते.

व्हॉल्व्हमधून थेंब गळतात का? पाणी तापले की फुगते. २५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर गेले की पावणेचारशे मिलिलिटरच्या आसपास वाढते. त्या वाढीला वाट हवी. तापताना सेफ्टी व्हॉल्व्हमधून थोडे थेंब आले तर घाबरण्यासारखे काही नाही. सारखी धार लागली तर मात्र दाखवावे. भिंत ओली होते म्हणून त्या तोंडाला बूच मारणारे लोक मी पाहिले आहेत. असे बूच कधीही मारू नये.

तापायला फार वेळ लागतो का? याचा हिशोब घरच्या घरी करता येतो. दोन किलोवॅटच्या गिझरला १५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर न्यायला वीस-बावीस मिनिटे पुरतात, २५ लिटरला पस्तीस. याहून फार जास्त लागत असतील तर आधी व्होल्टेज विचारात घ्या. २३० व्होल्टचा गिझर १८० व्होल्टवर चालला तर त्याची ताकद दोनऐवजी सव्वा किलोवॅटच्याही खाली येते, आणि वीस मिनिटांचे काम अर्ध्या तासावर जाते. अशा वेळी गिझर उघडून पैसे घालवण्यात अर्थ नाही. मात्र प्लग किंवा वायर हाताला गरम लागत असेल तर जोडणी ढिली आहे असे समजा. गिझरला जाड पिनांचा १६ अँपिअरचा प्लग आणि त्याची स्वतंत्र लाईनच हवी.

पाणी कोमटच येते का? आजकाल मिक्सर नळ असतात. हँडशॉवरचे तोंड बंद ठेवून गार-गरम दोन्ही कॉक उघडे राहिले, तर गार पाणी आतल्या आत गरम लाईनमध्ये शिरते. आमच्या वरच्या मजल्यावर हे दोन महिने चालले होते आणि आम्ही दोष देत होतो गच्चीवरच्या सोलरला!

सोलर आणि गॅस

सोलरची तक्रार बहुधा सकाळच्या पहिल्या बादलीची असते. गच्चीपासून न्हाणीघरापर्यंत अर्ध्या इंची पाईप २० मीटर असेल तर त्यात साडेतीन लिटर पाणी रात्रभर गार होऊन बसलेले असते. तो बिघाड नव्हे. ते पाणी बादलीत घेऊन धुण्याला वापरावे. ऊन कडक असूनही गरम पाणी मुळीच येत नसेल, तर पाईपात हवा अडकली आहे का, आणि वरची हवेची नळी मोकळी आहे का, हे प्लंबरला बघायला सांगावे. पावसाळ्यात आपल्याकडे आठ-आठ दिवस ऊन नसते म्हणून सोलरच्या टाकीत विजेची कॉईल बसवतात. तिलाही अर्थिंग आणि आरसीसीबी लागतेच. दिवाळीनंतर तिचे बटण बंद करायचे राहून गेले की बिलात दिसते.

गॅस गिझरबद्दल मात्र गंभीरपणे लिहायला हवे. न्हाणीघर कोंदट असेल तर गॅस जळताना हवा अपुरी पडते आणि कार्बन मोनॉक्साईड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. आंघोळीला गेलेला माणूस दाराआड बेशुद्ध पडतो आणि बाहेर कोणाला पत्ता लागत नाही. म्हणून गॅस गिझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेतच बसवावा. ज्योत निळी असावी. पिवळी झाली, काजळी धरू लागली की वापर थांबवून दुरुस्त करून घ्यावा. आंघोळ करताना डोके दुखले, गरगरले, मळमळले तर पित्त झाले म्हणून सोडून देऊ नये. ताबडतोब मोकळ्यावर यावे आणि डॉक्टरांना गाठावे. काही गॅस गिझर थोड्या वेळाने आपोआप बंद होतात आणि लोक कुरकुरतात. तो बिघाड नाही, तुमच्यासाठीच केलेली सोय आहे. पाणी सोडूनही पेटत नसेल तर आधी सेल बदलून बघा, मग पाण्याचा दाब बघा. पुष्कळदा तेवढ्यावरच भागते.

वायरमन गेल्यावर

पहिल्या वायरमनवर राग धरून काय उपयोग? बटण पडू नये असे आम्हीच त्याला सांगितले होते आणि त्याने तेच केले. का पडते ते शोधून दे, असे म्हणालो असतो तर कदाचित त्याने शोधलेही असते. आता मी कोणी दुरुस्तीला आले की चहा देण्याआधी तीन गोष्टी विचारते. बिघाड नेमका कशात होता? हिरवी वायर जोडलेली आहे ती मला दाखवता का? आणि आरसीसीबीचे चाचणी बटण माझ्यासमोर दाबता का? यात एक ध्यानात ठेवायचे. चाचणी बटणाने आरसीसीबी पडते की नाही तेवढेच कळते, अर्थिंग नीट आहे की नाही ते कळत नाही. अर्थिंग वेगळे तपासून घ्यावे लागते, आणि उन्हाळ्यात जमीन सुकते तेव्हा अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालावे लागते.

आमच्या गिझरला नवी कॉईल बसली, प्लगात हिरवी वायर जोडली गेली, लाईन पुन्हा आरसीसीबीवर आली. दोन वर्षांनी एकदा आतला क्षार काढून घ्यायचे ठरले आहे. सासूबाईंच्या व्हिटॅमिनच्या गोळ्या बंद झाल्या. डॉक्टरांकडे आता मी त्यांच्या शेजारी बसते आणि त्यांनाच बोलू देते. कधी एखादा कन्नड शब्द अडला तर मीच त्यांना विचारते, याचा नेमका अर्थ काय.

दर महिन्याच्या एक तारखेला चाचणी बटण दाबायचे काम सासूबाईंनी आपणहून घेतले आहे. आंघोळ, पूजा आटोपली की बोर्डासमोर येतात, सुक्या हाताने बटण दाबतात. खट्‌ आवाज होतो, पंखा थांबतो, घरभर शांतता पसरते आणि त्या मोठ्याने सांगतात, "बित्तु!"

पडले म्हणून आम्हा सगळ्यांना बरे वाटते.